मराठी पीडीएफ स्क्रीन रीडर वाचत नाही? आधी एक ओळ कॉपी करून पाहा

ऑगस्ट उजाडला की ही तक्रार हमखास येते. गृहनिर्माण संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते आणि तिची सूचना पूर्ण १४ दिवस आधी द्यायची असते. त्यामुळे सूचना, अहवाल, ताळेबंद, मागच्या सभेचं इतिवृत्त असा सगळा गठ्ठा पीडीएफ होऊन सभासदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येऊन पडतो. मग दृष्टिहीन सभासदांपैकी कोणीतरी सचिवांना फोन करतं, ‘फाईल उघडतेय, पण मोबाईल वाचून दाखवत नाहीये.’ सचिव तीच फाईल परत पाठवतात. ती अर्थातच परत गप्प बसते. शेवटी शेजारचं कोणी येऊन वाचून दाखवतं, सभा पार पडते, आणि पुढच्या वर्षी सगळं पहिल्यापासून.

मी ठाण्यात, नौपाड्यात, मराठी टायपिंगची आणि अहवाल लावण्याची कामं करतो. गिऱ्हाइकं म्हणजे सोसायट्या, शाळा आणि दोन-चार मंडळं. ‘पीडीएफ वाचत नाही’ या एका वाक्याखाली चार निरनिराळे बिघाड दडलेले असतात आणि एकाचा इलाज दुसऱ्याला चालत नाही. म्हणून फाईल हातात आली की आधी निदान, मग दुरुस्ती.

स्क्रीन रीडर म्हणजे काय ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: संगणकावर एनव्हीडीए किंवा जॉज, अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक, आयफोनवर व्हॉइसओव्हर. पडद्यावर तुम्हाला जे दिसतं त्याच्याशी यांना देणंघेणं नसतं. फाईलच्या आत अक्षरं म्हणून जे साठवलेलं आहे तेवढंच ते बोलतात. पुढचे सगळे घोळ या एका गोष्टीतून निघतात.

एका मिनिटाची तपासणी

पीडीएफ संगणकावर उघडा. मधल्या एखाद्या परिच्छेदातली एक ओळ माउसने निवडा, कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. नोटपॅडच घ्या. वर्डमध्ये पेस्ट केलं तर कधीकधी मूळ फॉन्टही सोबत येतो आणि खरं रूप झाकलं जातं. नोटपॅडमध्ये जे उमटेल, साधारण तेच स्क्रीन रीडरच्या हाती लागतं.

ओळ निवडताच येत नसेल, किंवा पानभर एकच निळा चौकोन उमटत असेल, तर ते पान म्हणजे फोटो आहे. निवडता येतंय पण पेस्ट केल्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा येतोय, तर मजकूर जुन्या फॉन्टात टाइप केलेला आहे. मराठीच येतंय पण वेलांट्या भलत्या अक्षराला चिकटल्यात, रफार गायब आहेत, जोडाक्षरं फुटलीत, तर पीडीएफ बनवताना गडबड झालीय. आणि अगदी स्वच्छ मराठी आली तर अक्षरांचा दोष नाही. मग मांडणी तपासा, नाहीतर ऐकणाऱ्याच्या फोनमधला आवाज.

पान म्हणजे फोटो आहे

दहातल्या सात-आठ तक्रारी या जातीच्या असतात असं माझं मत आहे. मोजून काढलेला आकडा नाही हा. कारण एकच, सही आणि शिक्का. सूचना संगणकावर छान टाइप होते. मग तिची प्रिंट निघते, सचिव सही करतात, गोल शिक्का बसतो आणि तो कागद मोबाईलच्या स्कॅनर ॲपने टिपून ग्रुपवर जातो. ज्या क्षणी कागद टिपला त्या क्षणी अक्षरं संपली, उरलं चित्र. टाइप केलेली मूळ फाईल कार्यालयाच्या संगणकात तशीच पडून असते आणि ती पाठवायचं कोणाला सुचत नाही, कारण ‘त्यावर सही नाहीये ना’.

सूचनाफलकावर सही-शिक्क्याची प्रत लावा, तीच ग्रुपवरही टाका, हरकत नाही. पण तिच्यासोबत मूळ वर्ड फाईल किंवा त्यातून थेट काढलेली पीडीएफ जाऊ द्या. मजकूर पानभराचाच असेल तर तो सरळ व्हॉट्सॲपच्या मेसेजमध्ये पेस्ट करा. टॉकबॅक मेसेज वाचतो तितक्या सहज दुसरं काही वाचत नाही. सही फाईलमध्येच हवी असेल तर सहीचं छोटं चित्र मजकुराच्या ओळीत बसवा आणि त्याला ‘सचिवांची सही आणि संस्थेचा शिक्का’ असा पर्यायी मजकूर, म्हणजे चित्राऐवजी स्क्रीन रीडरने वाचायचं वर्णन, द्या. संस्थेच्या अधिकृत ई-मेलवरून आलेल्या सूचनेबद्दल ‘ही खरी कशावरून’ असं विचारणारा सभासद मला अजून भेटलेला नाही.

मूळ फाईल हरवली असेल आणि हातात फक्त स्कॅन असेल, तर ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा पुन्हा मजकूर करणं, करावं लागतं. फुकटचा मार्ग म्हणजे स्कॅन गूगल ड्राइव्हवर चढवायचा आणि उजवी कळ दाबून गूगल डॉक्समध्ये उघडायचा. फाईल २ एमबीच्या आत ठेवा, पान सरळ असू द्या, सावली नको. मराठी मजकूर बराच नीट निघतो. पण ‘बराच’ या शब्दावर विसंबून ताळेबंद पाठवू नका. ओसीआरची खरी फजिती आकड्यांत होते: १ आणि ९, ५ आणि ४ यांची अदलाबदल, आणि अनुस्वार तर धुळीचा कण समजून उडवले जातात. एखाद्याची १,४५० रुपयांची थकबाकी ९,४५० होऊन ऐकू आली तर सभेत काय होईल ते सांगायला नको. आकड्यांचं प्रत्येक पान माणसाने मूळ कागदाशी ताडून पाहायचं. याला पळवाट नाही.

दुसरी काळजी. ‘फ्री कन्व्हर्टर’ म्हणून इंटरनेटवर ज्या साइट मिळतात त्यांवर सभासदांची नावं, फ्लॅट क्रमांक, मोबाईल नंबर आणि थकबाकी असलेली यादी चढवू नका. ती फाईल पुढे कुठे जाते ते तुम्हाला कळणार नाही.

निमंत्रणपत्रिका आणि स्मरणिका यांची वेगळी गंमत. प्रेसवाला सांगतो, ‘फाईल कर्व्ह करून द्या.’ कोरलड्रॉमध्ये मजकूर कर्व्ह केला की अक्षरांच्या रेघा होतात. छपाईत फॉन्ट बदलण्याची भीती जाते म्हणून प्रेसवाल्याचं बरोबरच आहे, पण तीच फाईल पीडीएफ करून सभासदांना पाठवली तर ती स्कॅनइतकीच मुकी. कर्व्ह करण्याआधीची एक प्रत वेगळ्या नावाने राखून ठेवायला सांगा. छपाईला कर्व्हची, वाचायला आधीची.

इंग्रजी अक्षरांचा कचरा येतो

ठाण्याच्या कोर्ट नाक्याच्या आसपास टाइप करून घेतलेला एखादा जुना मसुदा काढा. बहुतेक तो कृतिदेव, सुरेख किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टात निघेल. या फॉन्टांना नावं ठेवायची माझी तयारी नाही. संगणकाला मराठी येत नव्हती त्या काळात महाराष्ट्रातली छपाई यांनीच चालवली. पण त्यांची युक्ती अशी की फाईलमध्ये साठवलं जातं इंग्रजी अक्षर आणि फॉन्ट त्याला मराठीचा मुखवटा चढवतो. कृतिदेवमध्ये ‘सभा’ टाइप केलं की फाईलच्या पोटात चार इंग्रजी अक्षरं जातात: छोटा एल, मोठा एच, छोटा के आणि पुन्हा छोटा के. स्क्रीन रीडरला मुखवटा दिसत नाही. तो बिचारा एल-एच-के-के असंच काहीतरी बडबडतो. ऐकणाऱ्याला वाटतं मोबाईल बिघडला.

वर्डमध्ये ओळखायची खूण सोपी. सगळा मजकूर निवडा आणि फॉन्ट बदलून मंगल किंवा निर्मला करा. मराठी मराठीच राहिली तर युनिकोड आहे, म्हणजे फाईलमध्ये खरी मराठी अक्षरंच साठवलेली आहेत. इंग्रजी अक्षरं उघडी पडली तर जुना फॉन्ट. मग कंट्रोल-झेड दाबून पूर्ववत करा.

रूपांतरासाठी कन्व्हर्टर मिळतात, संगणकावर उतरवून घेता येणारेही. पण काही गोष्टी आधीच ठाऊक असाव्यात. एका फॉन्टचा कन्व्हर्टर दुसऱ्याला चालत नाही, कारण प्रत्येकाने अक्षरांना वेगळ्या कळा दिल्यात. म्हणून फॉन्टचं पूर्ण नाव, मागच्या क्रमांकासकट, आधी लिहून घ्या. मजकुरात मधेमधे खरीखुरी इंग्रजी असेल, जसे ई-मेल पत्ते, यूपीआय आयडी, बँकेचा आयएफएससी कोड, तर कन्व्हर्टर त्यांनाही मराठी समजून त्यांची वाट लावतो. ते भाग आधी बाजूला काढा, नंतर हाताने बसवा. आणि नेहमीची आजारी अक्षरं तपासा: ‘दुसऱ्या’, ‘कार्यकर्त्यांच्या’, ‘सुऱ्या’ यांतला अर्धा र, ‘ॲड.’ आणि ‘ऑडिट’मधला चंद्र, ‘श्री’, ‘ज्ञ’, आणि ओळीच्या सुरुवातीला ऱ्हस्व वेलांटी असलेले शब्द. सभासदांची नावं मोठ्याने वाचून ताडा. आडनाव चुकलेलं कोणाला आवडत नाही.

खरा अडथळा मात्र तांत्रिक नाही. टायपिस्ट म्हणतो, ‘माझा हात रेमिंग्टनवर (जुन्या टाइपरायटरच्या कळांवर) बसलाय, युनिकोडला सगळं नव्याने शिकावं लागेल.’ हे खरं नाही, आणि हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. युनिकोड हा कीबोर्ड नव्हे, ती अक्षरं साठवायची पद्धत आहे. इनस्क्रिप्ट या कळांच्या मांडणीने टाइप करा, रेमिंग्टन पद्धतीने करा, नाहीतर मोबाईलवर बोलून करा, साठवलं जाणारं अक्षर एकच. रेमिंग्टनच्या कळा युनिकोडमध्ये देणारी साधनं मिळतात. ती बसवून दिली की चार दिवस कुरकुर होते, मग विषय संपतो. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ सालापासून आहे आणि मंगल फॉन्ट विंडोज २०००सोबत आला, म्हणजे ‘नवीन आहे’ ही सबबही आता जुनी झाली. ‘युनिकोडचे फॉन्ट दिसायला बरे नाहीत’ असं म्हणणाऱ्यांनी मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने काढलेले मुक्ता आणि बालू हे फॉन्ट पाहावेत. दोन्ही मोफत आहेत.

डोळस माणसालाही याचा फायदा आहे. जुन्या फॉन्टातल्या इतिवृत्तात ‘लिफ्ट’ शब्द शोधून पाहा, एकदाही सापडणार नाही. युनिकोडमध्ये क्षणात सापडतो. कमिटीला पटवायचं असेल तर मी हाच मुद्दा आधी काढतो. सोयीचं कारण दिलं की होकार लवकर मिळतो, असा अनुभव आहे.

मराठी येते, पण मोडलेली

हा बिघाड सगळ्यात चीड आणणारा, कारण टायपिस्टने सगळं नीट केलेलं असतं. मजकूर युनिकोडमध्ये, फॉन्ट चांगला, छपाई सुंदर. कॉपी केल्यावर मात्र ‘निवडणूक’मधली वेलांटी न च्या आधी येऊन सुटी पडते, ‘वर्ष’मधला रफार हरवतो किंवा पुढच्या शब्दावर जाऊन बसतो.

कारण पीडीएफच्या जन्मातच आहे. पीडीएफ पानावर कोणता आकार कुठे काढायचा ते लिहून ठेवते. आपण ‘नि’ लिहिताना मनात आधी न आणि मग वेलांटी असते, पण कागदावर वेलांटी डावीकडे, म्हणजे आधी काढली जाते. आकारांवरून पुन्हा अक्षरं ओळखण्यासाठी फाईलमध्ये जादा माहिती भरावी लागते. ती काही प्रोग्राम नीट भरतात, काही अर्धवट, काही मुळीच नाही. इंग्रजीत एक आकार म्हणजे एक अक्षर, त्यामुळे तिथे हे दुखणं फारसं जाणवतच नाही. इंग्रजीतल्या सूचना पाळूनही मराठी पीडीएफ बिघडते ती याचमुळे.

यावर माझा क्रम असा. वर्डमधून प्रिंटचा आदेश देऊन ‘प्रिंट टू पीडीएफ’ करू नका. छपाईच्या वाटेने गेलं की शीर्षकं, तक्ते यांची खूणगाठ हमखास गळून जाते आणि अक्षरांचीही खात्री राहत नाही. ‘सेव्ह ॲज’मध्ये पीडीएफ निवडा, तिथल्या ‘ऑप्शन्स’मध्ये जाऊन दस्तऐवजाच्या रचनेचे टॅग ठेवणारी चौकट खूण केलेली आहे ना ते पाहा. तरी मोडतंय तर फॉन्ट बदलून पुन्हा काढा. एकाच मशिनवर एका फॉन्टात मोडणारी फाईल दुसऱ्यात ठीक निघते, हे अनेकदा पाहिलंय. तरीही नाहीच जमलं तर तीच फाईल लिब्रेऑफिसमध्ये उघडा आणि ‘एक्स्पोर्ट ॲज पीडीएफ’मध्ये टॅग्ड पीडीएफचा पर्याय निवडून काढा. प्रत्येक वेळी नोटपॅडची तपासणी. तयार पीडीएफ दुरुस्त करायच्या फंदात पडू नका. त्याला महागडं सॉफ्टवेअर लागतं, वेळ जातो, आणि पुढच्या महिन्यात नवी फाईल तशीच मोडकी येते.

हे सगळं करूनही हट्टी फाईल उरतेच. तेव्हा मी पीडीएफचा नाद सोडून वर्ड फाईल पाठवतो. मराठीपुरतं बोलायचं तर स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला वर्ड फाईलच जास्त सोयीची जाते. ‘वर्ड फाईलमध्ये कोणी फेरफार करेल’ या भीतीचं उत्तर सोपं आहे: सही-शिक्क्याची प्रत कार्यालयात आहेच, प्रमाण ती.

अक्षरं स्वच्छ, तरी अर्थ लागत नाही

इथे टायपिंगच्या सवयी आड येतात, आणि त्या आपण सगळेच वर्षानुवर्षं करत आलोय.

शीर्षक पानाच्या मध्ये भारदस्त दिसावं म्हणून ‘सू च ना’ असं अक्षरांत जागा सोडून टाइप करतात. स्क्रीन रीडर ते तीन सुटे उच्चार म्हणून वाचतो. ‘वा र्षि क अ ह वा ल’ तर ऐकूनच पाहा एकदा. अंतर हवं तर फॉन्टच्या सेटिंगमध्ये अक्षरांतलं अंतर वाढवा, स्पेसबार नको. तसंच दोन भागांच्या मध्ये ओळभर फुल्या किंवा टिंबं देण्याची हौस. रेघ हवी असेल तर परिच्छेदाला बॉर्डर द्या. अर्जात ‘नाव ..............’ अशी टिंबांची रांग असते तिथेही हेच, ऐकणारा टिंबंच ऐकत बसतो आणि संगणकावर अर्ज भरायला जागाच नसते. दोन रकान्यांचा साधा तक्ता करा, डावीकडे प्रश्न, उजवीकडे रिकामी जागा.

शीर्षकं ठळक आणि मोठी केली म्हणजे ती शीर्षकं होत नाहीत. वर्डमधल्या ‘हेडिंग १’, ‘हेडिंग २’ या स्टाइल लावा. कंट्रोल-ऑल्ट-१ दाबलं की झालं. चाळीस पानांच्या अहवालात डोळस माणूस नजरेने उड्या मारत हवा तो विषय गाठतो. एनव्हीडीए वापरणारा माणूस वर्डमध्ये इन्सर्ट-स्पेस दाबून वाचनाचा मोड सुरू करतो आणि मग एच ही कळ दाबत शीर्षकावरून शीर्षकावर जातो. स्टाइल नसेल तर त्याला पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सगळं ऐकावं लागतं, आणि ‘विषय क्रमांक ७ : पार्किंग’ येईपर्यंत कोणाचाही धीर सुटेल.

तक्त्यांवर मात्र थांबून बोलायला हवं, कारण सोसायटीच्या कागदपत्रांत महत्त्वाचं सगळं तक्त्यांतच असतं. पहिली चूक म्हणजे टॅब आणि स्पेस मारून उभे रकाने जुळवणं. दिसायला तक्ता, आत नुसत्या ओळी. ऐकताना ‘बी ३०२, देशपांडे, बारा हजार, शून्य, चारशे’ असं काहीतरी येतं आणि चारशे कशाचे ते कळत नाही. खरा तक्ता टाका, पहिल्या ओळीला ‘रिपीट हेडर रोज’ लावा, मग स्क्रीन रीडर आकड्याआधी रकान्याचं नाव सांगू शकतो. दुसरी चूक, चौकटी एकत्र करणं. ‘इमारत अ’ असं लिहून डावीकडच्या वीस चौकटींची एक करतात. दिसायला नेटकं, पण बाणांच्या कळांनी तक्त्यातून फिरणारा माणूस त्यात वाट चुकतो. इमारतीगणिक वेगळा तक्ता करा आणि वर शीर्षक द्या. तिसरी चूक एक्सेलमधला तक्ता स्क्रीनशॉट काढून वर्डमध्ये चिकटवणं. तो पुन्हा फोटोच.

आणि ते लाल रंगातलं प्रकरण. ‘लाल रंगात दाखवलेल्या सभासदांची थकबाकी आहे.’ हे वाक्य न दिसणाऱ्याला निरुपयोगी आहेच, रंगांधळ्यालाही. वेगळा रकाना करून ‘थकबाकी : आहे’ असं लिहा. (थकबाकीदारांची नावं ग्रुपवर टाकावीत का, हा वेगळा वाद आहे, त्यात मी पडत नाही.) फिकट राखाडी अक्षरं, पिवळ्या पट्टीवर पांढरा मजकूर हे सगळं मोतीबिंदू, काचबिंदू असलेल्या ज्येष्ठांना दिसत नाही. वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी निकषांत मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५ ला १ इतका फरक मागितलाय, मोठ्या अक्षरांसाठी ३ ला १. तपासायची साधनं मोफत आहेत, पण पांढऱ्यावर काळं ठेवलंत तर तपासायचीही गरज नाही.

चित्रांचं थोडक्यात. गच्चीच्या गळतीचा फोटो अहवालात असेल तर त्याच्यावर उजवी कळ दाबून पर्यायी मजकुरात ‘बी विंगच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीखाली पडलेली भेग’ असं लिहा. ‘फोटो १’ लिहिलंत तर काही लिहिलं नाही असंच. शोभेचा गणपती आणि वेलबुट्टी यांना ‘सजावटीचे’ अशी खूण करा म्हणजे वाचनात मधे येत नाहीत. चित्र आणि टेक्स्ट बॉक्स मजकुराच्या ओळीत ठेवा. तरंगत्या चौकटीतला मजकूर भलत्याच ठिकाणी वाचला जातो, कधी वाचलाच जात नाही. सभेची तारीख आणि वेळ नेमकी अशा चौकटीत टाकायची आपली पद्धत आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

शेवटी वर्डच्या ‘रिव्ह्यू’ टॅबमधलं ‘चेक ॲक्सेसिबिलिटी’ चालवा. तक्त्याला मथळा नाही, चित्राला पर्यायी मजकूर नाही, हे ते पकडतं. ‘सू च ना’ मात्र पकडत नाही, कारण त्याच्या दृष्टीने ते तीन शब्द आहेत.

दोष समोरच्या फोनमध्येही असू शकतो

नोटपॅडमध्ये सगळं ठीक आहे, मांडणी ठीक आहे, तरी मोबाईल मराठी बोलत नाही. मग त्या फोनच्या ‘टेक्स्ट टू स्पीच’ सेटिंगमध्ये मराठी आवाज उतरवून घेतलाय का ते विचारा. नुसता इंग्रजी आवाज असेल तर देवनागरी गाळली जाते किंवा धड कळत नाही. हिंदी आवाज मराठी वाचतो, पण ळ आणि आपले च-ज त्याला साधत नाहीत. फाईलच्या बाजूनेही एक काम राहतं: सगळा मजकूर निवडून ‘सेट प्रूफिंग लँग्वेज’मध्ये मराठी करा. अनेक फाईलींवर इंग्रजीची चिठ्ठी तशीच लागलेली असते आणि भाषेप्रमाणे आवाज बदलणारा स्क्रीन रीडर त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवतो.

पाठवण्याआधी स्वतः ऐकून पाहायला काही खर्च येत नाही. एनव्हीडीए मोफत आहे. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन दृष्टिहीन मित्रांचं हे काम २००६ मध्ये सुरू झालं. त्यासोबत येणारा ई-स्पीक आवाज मराठीही बोलतो. यांत्रिक वाटतो, पण तपासणीला पुरतो. उतरवून घ्या, फाईल उघडा, मॉनिटर बंद करा, इन्सर्ट आणि खाली जाणारी बाणाची कळ एकत्र दाबा आणि ऐका. सभा किती वाजता, कुठे, विषय कोणते, एवढं ऐकून सांगता आलं तर फाईल पाठवा. बंद करायला इन्सर्ट-क्यू. (पहिल्यांदा वापरताना हे आधी लक्षात ठेवा, नाहीतर तो बोलतच राहतो आणि शेजारच्या टेबलावरची मंडळी वैतागतात.)

त्याहून भरवशाचं काम म्हणजे त्या सभासदाला विचारणं. कोणाला वर्ड हवी असते, कोणाला नुसता मेसेज, कोणाला १८ पॉइंटात छापलेला कागद. अंधूक दिसणारे आजोबा आणि पूर्ण न दिसणारी तरुणी यांची गरज एक नसते. शाळांना पाठ्यपुस्तकांसाठी असा प्रश्न पडला तर सुगम्य पुस्तकालय हे दृष्टिहीनांना वाचता येतील अशा पुस्तकांचं ऑनलाइन ग्रंथालय आहे, आणि मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजमध्ये २००३ पासून दृष्टिहीनांसाठी संसाधन केंद्र चालतं. नवी मुंबईकरांना वाशीचं महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र जवळचं.

कमिटीत कोणीतरी ‘कायद्याने बंधन आहे का’ असं विचारतंच. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ४२ मध्ये माहिती सर्वांना वापरता येईल अशा रूपात मिळण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुलभतेचे निकष नुसते सल्लावजा ठेवणारा नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक निकष करायला सांगितलं. एप्रिल २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने डिजिटल सुविधा मिळणं हा घटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. अनुदानित शाळा आणि सरकारी कार्यालयांनी हे गांभीर्याने घ्यावं. सोसायटीच्या बाबतीत मी कायद्याची भाषा काढत नाही. त्या सभासदाकडून देखभाल शुल्क पूर्ण घेता ना, एवढंच विचारतो.

दर महिन्याला परत का येतं

कारण कोणीच कोऱ्या फाईलपासून सुरुवात करत नाही. गेल्या वर्षीची सूचना उघडायची, तारीख बदलायची, ‘सेव्ह ॲज’. त्यामुळे टिंबांच्या रांगा, तरंगती चौकट, जुना फॉन्ट सगळं वारशाने पुढे येतं. टायपिस्ट बदलला, सचिव बदलले, तरी फाईल तीच. म्हणून दुरुस्ती एकदाच करायची ती साच्यात. सूचना, इतिवृत्त, मासिक बिलासोबतचं पत्र, सभासदांचा अर्ज असे साचे युनिकोडमध्ये, स्टाइल लावून, भाषा मराठी करून तयार करा, वर्डमध्ये टेम्प्लेट म्हणून साठवा आणि जुन्या फाईली वेगळ्या फोल्डरमध्ये हलवा. जुनी फाईल समोर दिसली की तीच उघडली जाते.

गेल्या पंधरा-वीस वर्षांची इतिवृत्तं बदलत बसू नका. तेवढा वेळ कोणाकडेच नाही. उपविधी, चालू वर्षाचा अहवाल आणि पुनर्विकास सुरू असेल तर त्याचे सगळे कागद एवढं आधी घ्या. त्यातही विकसकाकडून येणारे करार बहुधा स्कॅन करूनच येतात, तेव्हा मागतानाच ‘मजकूर निवडता येईल अशी फाईल द्या’ असं पत्रात लिहा. बाकीचं जुनं कोणी मागेल तेव्हा, मागेल तेवढं.